भावाभावांतला भाव: सॉफ्टवेअर कंपन्या आणि आयकर खात्याचा न मिटणारा वाद

गेल्या बकरी ईदला माझा भाचा पुण्याहून राजूरला आला होता. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिसरं वर्ष चालू आहे. दुपारची जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या अम्मीनं, भांडी आवरता आवरता विचारलं, "बेटा, तुम्ही रात्र-रात्र जागून हे जे काम करता, ते विकत कोण घेतं?"

तो म्हणाला, "अमेरिकेतली आमचीच मोठी कंपनी घेते, अम्मी. दुसरं गिऱ्हाईकच नाही."

"मग भाव कोण ठरवतं?"

"तेच ठरवतात."

"म्हणजे विकणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. मग भाव पाडला काय आणि चढवला काय, बाहेर कोणाला कळणार?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मामू शाळेत गणित शिकवतात, त्यांना माहीत असेल, असा त्याचा समज. मला माहीत नव्हतं. पण बहीण सातवी शिकलेली, आणि तिनं विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे काही रविवार वाचण्यात घालवले. तेव्हा कळलं की याच प्रश्नावर आपल्या देशात आयकर खातं आणि कंपन्या वीस वर्षांहून जास्त काळ भांडत आहेत, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. या विषयाला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट घरातली आहे.

बहिणीचा हिस्सा

आमच्या राजूरला कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या. म्हणून उदाहरणही चुन्याचंच घेतो. समजा, दोन भाऊ आहेत. अब्बांच्या माघारी थोरला राजूरची भट्टी चालवतो. धाकट्यानं नागपुरात स्वतःच्या पैशानं दुकान टाकलं. भट्टी अब्बांची, म्हणून तिच्यात बहिणीचा शरई हिस्सा आहे. दुकानात तिचा काही वाटा नाही.

एक पोतं चुना तयार करायला २०० रुपये खर्च येतो, आणि परका व्यापारी भट्टीवर येऊन तेच पोतं २६० ला उचलतो असं धरा. पण थोरला भाऊ धाकट्याला ते २१० ला देतो. धाकटा नागपुरात ३०० ला विकतो. दोघा भावांचा मिळून नफा पोत्यामागे तेवढाच, १०० रुपये. फक्त भट्टीत ६० ऐवजी १० दिसतात आणि दुकानात ४० ऐवजी ९०. बिलं खरी, सह्या खऱ्या, कोणी चोरी केलेली नाही. पण बहिणीचा हिस्सा निघतो भट्टीच्या नफ्यातून, आणि तो साठाच्या जागी दहावर मोजला गेला.

आता भट्टीच्या जागी पुण्याची कंपनी ठेवा, दुकानाच्या जागी परदेशातली मूळ कंपनी, आणि बहिणीच्या जागी भारत सरकारची तिजोरी. पुण्याच्या कंपनीच्या नफ्यावर भारत कर घेतो, अमेरिकेतल्या किंवा आयर्लंडमधल्या कंपनीच्या नफ्यावर तिथलं सरकार. दोन कंपन्यांमधलं बिल कमी लावलं की नफा एका देशातून उचलून दुसऱ्या देशात गेला. पोतं हललं त्याच्याबरोबर हिस्साही हलला.

यावर उपाय म्हणून २००१ साली आयकर कायद्यात कलम ९२ आणि त्यापुढची कलमं नव्यानं लिहिली गेली. नियम असा: नात्यातल्या दोन कंपन्यांमध्ये देशाबाहेरचा व्यवहार झाला, तर कर मोजताना त्यांनी लावलेली किंमत धरायची नाही. दोन परक्या माणसांमध्ये जी किंमत ठरली असती, ती धरायची. नातं कधी मानायचं हेही कायद्यानं सांगितलं आहे. एका कंपनीकडे दुसरीचे २६ टक्के मताधिकार असले तरी पुरे. १९६१ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा नवा कायदा आला आहे, पण हा गाभा तसाच आहे.

इंग्रजी कायद्यात या किंमतीला 'हातभर अंतरावरची किंमत' अशा अर्थाचा शब्द आहे. हात लांब करून व्यवहार करायचा, गळ्यात पडून नाही. आपल्याकडे याला सोपा शब्द आहे, वाजवी किंमत. मराठीतलं 'वाजवी' हे आपल्या 'वाजिब'वरूनच आलेलं. वाजिब दाम म्हटलं की कुठल्याही घरात लगेच कळतं.

सॉफ्टवेअरचा बाजारभाव कुठे निघतो?

इथपर्यंत भांडणाला जागाच नाही. वाजिब दाम लावा, हे सगळ्यांना मान्य. भांडण पुढे आहे, वाजिब दाम किती?

कापसाचं सोपं आहे. वणीच्या बाजार समितीत आज काय भाव निघाला ते सगळ्यांना माहीत असतं. कोळशाची प्रत ठरते, प्रतीप्रमाणे दर ठरतो. पण माझ्या भाच्यानं चार महिने बसून एका बँकेच्या ॲपचा जो तुकडा लिहिला, तो त्या एकाच कंपनीसाठी लिहिलेला. तसाच दुसरा तुकडा बाजारात विकायला नाही. मग भाव बघणार कुठे?

म्हणून कायद्यानं दिलेल्या पद्धतींपैकी सॉफ्टवेअरच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच वापरली जाते. वस्तूचा भाव बघायचा नाही, कंपनीचा नफा बघायचा. असंच काम परक्यांसाठी करणाऱ्या कंपन्या शोधायच्या, त्या खर्चावर शेकडा किती नफा कमावतात ते पाहायचं, आणि तेवढा नफा या घरच्या कंपनीलाही मिळायला हवा होता असं धरायचं.

आकडा घेऊ. पुण्याच्या कंपनीचा वर्षाचा खर्च ५० कोटी. यात मुख्य म्हणजे पगार, मग जागेचं भाडं, वीज, संगणक. मूळ कंपनीशी करार असा की खर्च अधिक १० टक्के द्यायचे. बिल झालं ५५ कोटींचं, नफा ५ कोटी. आयकर खात्यात यासाठी वेगळा अधिकारी असतो, त्याला टीपीओ म्हणतात. तो म्हणतो, अशा कंपन्या सरासरी २० टक्के कमावतात, म्हणून बिल ६० कोटींचं हवं होतं. मधले ५ कोटी कंपनीला मिळालेले नसतात, तरी तिच्या उत्पन्नात धरले जातात. साधारण २५ टक्क्यांनी त्यावर सव्वा कोटी कर, वर व्याज. आणि तिकडे अमेरिकेत त्याच ५ कोटींवर मूळ कंपनीनं आधीच कर भरलेला. एकाच पैशावर दोन देशांचा कर.

कंपन्यांची एक तक्रार मात्र मला खरी वाटते. ३१ मार्च २०११ पर्यंत सॉफ्टवेअर पार्कमधल्या कंपन्यांच्या निर्यातीच्या नफ्यावर आयकराची सूट होती. म्हणजे नफा भारतात दाखवला तर कर नाही, अमेरिकेत दाखवला तर भरपूर कर. मग नफा भारतातून बाहेर कोण नेईल? त्या वर्षांच्याही नोटिसा निघाल्या. खात्याचं म्हणणं, कर चुकवण्याचा हेतू होता की नाही हे आम्हाला दाखवावं लागत नाही, किंमत वाजवी होती की नाही एवढंच बघायचं. बंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं २००७ मध्ये ॲझटेक सॉफ्टवेअर या कंपनीच्या प्रकरणात हेच मान्य केलं. शिवाय कायद्यातच लिहिलं आहे की टीपीओनं वाढवलेल्या रकमेवर ती सूट मिळणार नाही.

एक नापास, एक मेरिट

मी नववीला सरासरी शिकवतो तेव्हा मुलांना एक खोड दाखवतो. चार मुलांना ८, ११, १२ आणि १४ गुण. पाचव्याला ६०. पाचांची सरासरी २१ येते. चौघं त्या एकवीसच्या आसपासही नाहीत! पाचवा काढला की सरासरी सव्वाअकरा.

ट्रान्सफर प्रायसिंगची निम्मी भांडणं या पाचव्या मुलावरची आहेत. तुलनेला कोणती कंपनी घ्यायची आणि कोणती वगळायची, एवढंच. गुणांच्या जागी नफ्याचे टक्के ठेवा. एक तगडी कंपनी यादीत आली की सरासरी उडी मारते आणि कोट्यवधींचा कर लागतो. ती गळाली की कर गळाला. म्हणून टीपीओ ती आत ओढतो आणि कंपनीचा वकील बाहेर ढकलतो. उलटही होतं, तोट्यातली कंपनी वकिलाला हवी असते आणि टीपीओला नको असते.

सगळ्यात गाजलेलं नाव इन्फोसिसचं. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी पुढे बंगळुरूला गेली आणि एवढी मोठी झाली की तुलनेच्या याद्यांमध्ये तिला घालायचं की नाही हाच वाद झाला. ॲग्निटी इंडिया नावाच्या कंपनीच्या प्रकरणात खात्यानं इन्फोसिस तुलनेला घेतली होती. ॲग्निटीची उलाढाल १६ कोटींच्या आसपास, इन्फोसिसची ९,०२८ कोटी. एकीकडे स्वतःचं नाव, स्वतःची उत्पादनं, जगभरची गिऱ्हाइकं, बुडालं तर स्वतःचं बुडणार. दुसरीकडे घरचंच काम, घरचंच गिऱ्हाईक. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही तुलना बसत नाही हे न्यायाधिकरणाचं मत कायम ठेवलं.

आपल्या जवळचं प्रकरण गोव्याचं. पेंटेअर वॉटर इंडिया ही कंपनी संगणकावर अभियांत्रिकी आराखड्यांचं काम करून देत होती. त्या कामाची उलाढाल ११ कोटी. तुलनेला घेतलेल्या कंपन्यांमध्ये एक २६० कोटींची, एक साडेसहाशे कोटींच्या जवळची, आणि एक नऊशे कोटींच्या वरची. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं सप्टेंबर २०१५ मध्ये सांगितलं की उलाढालीचा आकार हा तुलनेत बघायलाच हवा. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची तुलना नागपूरच्या मॉलशी करू नये, इतकी ही साधी बाब. पण ती उच्च न्यायालयातून सांगून घ्यावी लागली.

पुण्याच्या पीटीसी सॉफ्टवेअरचं प्रकरण २०१६ चं. इथे वाद आकाराचा नव्हता. पीटीसी मूळ कंपनीला सॉफ्टवेअर लिहून देण्याची सेवा देत होती. तुलनेला घेतलेली कॅल्स इन्फर्मेशन सिस्टिम्स तयार सॉफ्टवेअर विकत होती. शिंपी आणि रेडिमेड कपड्यांचा कारखाना यात जो फरक, तोच. शिंप्याला शिलाई मिळते, तेवढीच. कारखान्याचा एखादा माल चालला की एकाच नमुन्याचे लाख शर्ट खपतात, नाही चालला तर गोदामात पडतो. दोघांच्या नफ्याची सरासरी काढून शिंप्यावर कर लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं कॅल्सला वगळणं योग्य ठरवलं.

सरासरीची ही खोड सरकारच्याही लक्षात आली. १ एप्रिल २०१४ नंतरच्या व्यवहारांसाठी नियम बदलला. तुलनेला सहा किंवा जास्त कंपन्या असतील तर त्यांचे आकडे चढत्या क्रमानं मांडायचे आणि मधला पट्टा, ३५ व्या ते ६५ व्या शतमकापर्यंतचा, धरायचा. कंपनी त्या पट्ट्यात बसली तर प्रश्न मिटला. नाही बसली तर मध्यक घ्यायचा. मध्यक आम्ही दहावीला शिकवतो, आणि दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच की याचा उपयोग काय. आता उत्तर तयार आहे! सहापेक्षा कमी कंपन्या असतील तर मात्र पुन्हा सरासरीच, थोडी सूट ठेवून.

साधं काम की डोक्याचं काम

वाचता वाचता मी सगळ्यात जास्त थांबलो तो या ठिकाणी. आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली आता पुणे, हैदराबाद, बंगळुरूला अशा घरच्या कंपन्यांमध्ये आहेत. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशात अशी १,७०० च्या वर केंद्रं आहेत आणि तिथे सुमारे १९ लाख लोक काम करतात. त्यांच्या कामाला कागदावर काय म्हटलं जातं, हा या वादाचा आतला गाभा आहे.

नफा किती वाजवी, हे तीन गोष्टींवर ठरतं. काम काय केलं, साधनं कोणाची वापरली, आणि धोका कोणी पत्करला. म्हणून करखात्यापुढे कंपनीचा अहवाल साधारण असा बोलतो: पुण्याचं केंद्र सांगितलेलं काम करतं, निर्णय परदेशात होतात, कल्पना तिकडची, मालकी तिकडची, बुडालं तर तिकडचं बुडेल. म्हणून याला थोडा पण पक्का नफा पुरे. आणि तीच कंपनी भरतीच्या जाहिरातीत लिहिते की आमचं पुणे केंद्र म्हणजे जगभरच्या उत्पादनाचा मेंदू. माझा भाचा म्हणतो, ऑफिसच्या भिंतीवर तशा अर्थाचं मोठं पोस्टरच लावलेलं आहे. भिंतीवर मेंदू, कागदावर हात.

मी कंपन्यांना खोटं म्हणत नाही. खूप ठिकाणी काम खरंच सांगितल्याप्रमाणे करायचं असतं. पण खूप ठिकाणी ते तसं उरलेलं नाही. काम मागणारा मॅनेजर पुण्यात, ते तपासणाराही पुण्यात, आणि पेटंटवर नाव मात्र परदेशी कंपनीचं. सरकारनं २०१३ मध्ये यावर एक परिपत्रक काढलं, मार्चमध्ये. उद्योगांनी आरडाओरड केल्यावर जूनमध्ये ते मागे घेऊन सुधारलेलं दिलं. त्यातला मुद्दा मला रास्त वाटतो. करारात काय लिहिलं आहे एवढ्यावर जायचं नाही, प्रत्यक्ष वागणूक बघायची. महत्त्वाचे निर्णय परदेशातली माणसं खरोखर घेतात का? धोका उचलण्याइतका पैसा आणि माणसं त्यांच्याकडे आहेत का? की ती फक्त कमी कराच्या देशातली एक पाटी आहे? उत्तर 'पाटी' असं निघालं, तर पुण्याच्या केंद्राला शिलाईवाला म्हणता येत नाही, त्याचा वाटा मोठा.

जास्त मोलाच्या आणि कमी मोलाच्या कामाचा हा वाद मुंबईच्या न्यायाधिकरणापुढेही आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या भारतातल्या केंद्राच्या प्रकरणात विशेष पीठानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं की ज्ञानाचं काम आणि साधं काम असे दोन कप्पे पाडून मोकळं होता येत नाही. एकाच केंद्रात दोन्ही असतं, प्रत्येक प्रकरण आत शिरून बघावं लागेल.

नोकरी करणाऱ्या मुलांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'खर्च अधिक इतके टक्के' अशा करारात तुमचा पगार वाढला की बिलही वाढतं. पगार मूळ कंपनीकडून भरून मिळतो, वर टक्केवारी मिळते. म्हणजे भारतातल्या कंपनीचा नफा बाजारात नशीब आजमावून आलेला नसतो, आधी ठरवून दिलेला असतो. त्यामुळे 'इंडिया कंपनीचा नफाच कमी आहे' असं कोणी सांगितलं तर तो कमी का आहे, हे विचारायला हरकत नाही.

पायऱ्या आणि वर्षं

प्रकरण चालतं कसं? कंपनी दरवर्षी चार्टर्ड अकाउंटंटकडून ३सीईबी नावाचा फॉर्म भरून घेते. त्यात नात्यातल्या कंपन्यांशी झालेले सगळे व्यवहार असतात. खात्यानं प्रकरण तपासायला घेतलं की ते टीपीओकडे जातं. त्यानं रक्कम वाढवली तर आधी आदेशाचा मसुदा येतो. कंपनीला ३० दिवसांत तीन आयुक्तांच्या समितीपुढे हरकत घेता येते. ही व्यवस्था २००९ ची, आणि समितीला नऊ महिन्यांत सांगावं लागतं. मग न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च.

यात बराच काळ एक गाठ होती. उच्च न्यायालयात फक्त कायद्याचा मोठा प्रश्न नेता येतो. अमुक कंपनी तुलनेला घ्यावी की नाही हा कायद्याचा प्रश्न की हिशेबाचा? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सॉफ्टब्रँड्सच्या प्रकरणात म्हटलं की हा हिशेबाचा प्रश्न आहे, निकाल अगदीच विपरीत असल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. त्यामुळे ढीगभर अपिलं दारातूनच परत गेली, खात्याची आणि कंपन्यांचीही. १९ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं एसएपी लॅब्स इंडियाच्या प्रकरणात हे बदललं. न्यायाधिकरणानं ठरवलेली वाजवी किंमत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तुलनेच्या कंपन्या निवडताना कायदा आणि नियम पाळले का, हे उच्च न्यायालय तपासू शकतं. प्रकरणं परत पाठवली, शक्यतो नऊ महिन्यांत निकाली काढा म्हणून.

निकाल तत्त्वाला धरून आहे. पण त्याचा परिणाम असा की मिटत आलेली जुनी भांडणं पुन्हा उघडली.

भांडण टाळायचे रस्तेही निघाले आहेत. जुलै २०१२ पासून कंपनी खात्याबरोबर आधीच करार करू शकते, पुढची पाच वर्षं इतके टक्के नफा धरू, मग वाद नाही. पहिले पाच करार मार्च २०१४ मध्ये झाले. २०२४-२५ या एका वर्षात १७४ झाले, आणि एकूण आकडा ८१५ वर गेला. लोकांनी कोर्टापेक्षा हा रस्ता पसंत केला यातच सगळं आलं. दुसरा रस्ता, सरकारनं आधी जाहीर केलेला टक्का मान्य करायचा. २०१३ मध्ये सॉफ्टवेअरसाठी तो २० टक्क्यांपासून सुरू होता. एवढा नफा कोण दाखवणार? २०१७ मध्ये तो १७-१८ वर आणला, आणि मार्च २०२५ मध्ये उलाढालीची मर्यादा ३०० कोटींपर्यंत वाढवली. तिसरा रस्ता दोन सरकारांनी आपसात बसण्याचा. भारत आणि अमेरिकेच्या करखात्यांनी जानेवारी २०१५ मध्ये सॉफ्टवेअरच्या जुन्या वादांसाठी एक चौकट ठरवली, आणि वर्षभरात शंभरावर प्रकरणं त्यातून सुटली. बहिणीच्या हिश्श्याचंही असंच असतं. घरातली मोठी माणसं बसली तर एका दुपारी सुटतं, कचेरीत गेलं की पिढी जाते.

आणखी एक छोटा पण चिवट वाद उधारीचा. पुण्याच्या कंपनीनं बिल पाठवलं आणि मूळ कंपनीनं सहा-आठ महिने पैसेच दिले नाहीत, तर खातं म्हणतं, परक्याला एवढी उधारी फुकट दिली असती का? आणि न घेतलेलं व्याज उत्पन्नात धरतं. २०१२ मध्ये कायद्यात खुलासा घालून ही थकबाकीही व्यवहारात मोजली गेली. आपल्यापैकी जे व्याज घेतच नाहीत त्यांना हे विचित्र वाटेल, मलाही वाटलं. पण भट्टीवाल्या भावाची उधारी दुकानदार भावानं वर्षभर थकवली तर बहिणीचे पैसे अडकतात, हेही तितकंच खरं.

मोहर्रमच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला तेव्हा आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. कंपनी खात्याच्या वेबसाइटवर १०० रुपये भरले की कुठल्याही कंपनीचे ताळेबंद बघता येतात, हे मला ठाऊक होतं. त्याच्या कंपनीचे काढले. 'संबंधित पक्षांशी व्यवहार' अशी एक टीप असते, ती काढली. उत्पन्नाचा रुपया न् रुपया मूळ कंपनीकडून आलेला. आणखी दोन पानं पुढे 'संभाव्य देणी' या मथळ्याखाली ट्रान्सफर प्रायसिंगच्या मागण्यांची यादी होती, वर्षवार, प्रत्येकीपुढे 'अपील प्रलंबित'. सगळ्यात जुनं वर्ष २००९-१०.

"मामू," भाचा म्हणाला, "त्या वर्षी मी तुमच्या शाळेत चौथीत होतो."

बहीण चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "मग भाव ठरला का?" तो म्हणाला, "अजून नाही, अम्मी."